आतड्याचा जुनाट दाह : पथ्य, झाडपाला आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "विहारात पोटाच्या आणि शौचाच्या आजारावर कसले व्याख्यान देता?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर असे, की याच संकोचापायी आमच्या घरातील एक तरुण मुलगा मरता मरता वाचला. त्यात जसा इतरांचा दोष होता तसा आम्हा उभयतांचाही होता. तो दोष लपवून ठेवण्यापेक्षा चारचौघांत सांगितला तर दुसऱ्या एखाद्या घराला उपयोग होईल, एवढ्याच हेतूने आम्ही येथे उभे आहोत.

महावग्गातील एक प्रसंग

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरक्खन्धक नावाचा भाग आहे. त्यात एका आजारी भिक्खूची हकीकत आली आहे. त्याला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदासह निवासस्थाने पाहत फिरत असता त्याच्यापाशी आले. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी माझ्याकडे पाहत नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले आणि एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून मंचकावर निजविले. त्यानंतर संघाला एकत्र बोलावून त्यांनी बजावले, की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

या उपदेशाचा पुढचा भाग आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. कोणत्या रुग्णाची सेवा करणे कठीण जाते आणि कोणता शुश्रूषक आपल्या कामाला लायक, हे त्यात पाच-पाच मुद्द्यांत सांगितले आहे. जो अपथ्य करतो, पथ्याच्या गोष्टीतही प्रमाण ठेवत नाही, औषध घेत नाही, आपला त्रास खरा खरा सांगत नाही आणि वेदना सोसू शकत नाही, त्या रुग्णाची सेवा कठीण. आजच्या विषयाला ही पाच कलमे तंतोतंत लागू पडतात. म्हणून तीच धरून आम्ही बोलणार आहोत.

हा आजार कोणता?

आतड्याला जंतू लागून जी आव होते ती चार-आठ दिवसांत, औषध घेतल्यावर, बरी होते. आम्ही बोलत आहोत तो आजार वेगळा आहे. आपल्या शरीराची जी संरक्षण-यंत्रणा बाहेरच्या जंतूंशी लढते, तीच येथे आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि तेथे दाह सतत धुमसत राहतो. अनुवंश, आतड्यातील जिवाणू, आहार आणि परिसर या सर्वांचा त्यात वाटा असतो. कोणतेही एक कारण दाखविता येत नाही.

त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. हा मोठ्या आतड्यापुरता असतो. तो गुदाशयापासून सुरू होऊन वर चढतो आणि अस्तरावर जखमा करतो. रक्त व चिकट आव पडणे, वारंवार व तातडीने शौचास लागणे, पोटात मुरडा येणे ही त्याची लक्षणे. दुसरा क्रोन्स डिसीज. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. तो आतड्याच्या पूर्ण जाडीत शिरतो, आतडे अरुंद करतो आणि कधी कधी भगंदर निर्माण करतो. दोन्ही आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतात. त्यांच्यासोबत सांधे दुखणे, डोळे लाल होणे, तोंड येणे, रक्त कमी होणे हेही दिसते.

हा पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, असे पूर्वी मानले जाई. आता भारतातही त्याचे रुग्ण वाढत आहेत. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो करणीने होत नाही, देवीच्या कोपाने होत नाही आणि मागच्या जन्मीच्या पापानेही होत नाही. अंगारा-धुपाऱ्याने तो जात नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायची गरज पडू नये. पण जीव घाबरला की माणूस कोठेही जातो, हे आम्ही पाहिले आहे.

आमच्या घरातील हकीकत

आमचा पुतण्या आंबेगाव तालुक्यातील आमच्या गावी राहत होता आणि रोज एस.टी.ने शिकायला जात होता. वय एकवीस. त्याला शौचावाटे रक्त जाऊ लागले. त्याने पाच महिने कोणाला सांगितले नाही. आईला सांगायची लाज, बापाचा धाक आणि मित्रांत चेष्टा होईल ही भीती. पहाटे अंधारात तो शेताकडे जाई, म्हणून घरात कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे त्याने सकाळचे जेवण सोडले, कारण एस.टी.त बसल्यावर शौचास लागली तर उतरायचे कोठे, हा प्रश्न होता. आम्हांला वाटले, पोरगा अभ्यासाच्या काळजीने वाळला.

शेवटी सांगितले तेव्हा एकाने मूळव्याध म्हणून इंजेक्शने दिली. दुसऱ्याने आव म्हणून जंतांच्या आणि आवेच्या गोळ्या दिल्या. एकाच गोळ्यांचा कोर्स चार वेळा झाला. अठ्ठावन्न किलोचा मुलगा त्रेचाळीस किलोवर आला. मग पुण्याला नेले. तेथे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी झाली, आतील तुकडा काढून तपासला गेला आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस असे निदान झाले. मेसालामिनच्या गोळ्या आणि थोडे दिवस स्टिरॉइड सुरू झाले. दोन महिन्यांत रक्त थांबले, वजन भरू लागले. घरात आनंद झाला.

येथून पुढचे सांगणे आम्हांला जड जाते. आठ महिन्यांनी थोडा त्रास पुन्हा उद्भवला म्हणून डॉक्टरांनी स्टिरॉइड पुन्हा सुरू केले होते. आम्हांला वाटले, या गोळ्यांना शेवट नाही. आठवडे बाजारात एक मनुष्य पुड्या विकत असे. त्याने सांगितले, "गोळ्या आयुष्यभर कशाला खाता? आतडे जळून जाईल. चाळीस दिवस ही पुडी घ्या, मुळासकट जाईल." ती पुडी त्या मुलाने आणली नाही. आम्ही आणली. सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद करा, असे त्याने सांगितले आणि आम्ही त्या बंद करायला लावल्या. आम्ही शिकलेली माणसे; पण झाडपाल्याने अपाय होत नाही, ही समजूत आमच्याही डोक्यात पक्की होती.

तिसऱ्या आठवड्यात तो दिवसातून चौदा वेळा शौचास जाऊ लागला. ताप आला, नाडी जलद चालू लागली, उभे राहिले की चक्कर येई. रात्री जीप करून पुणे गाठले. रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या. मोठे आतडे काढावे लागेल काय, याचा विचार डॉक्टर दोन दिवस करीत होते. सुदैवाने औषधाला उतार पडला. आज तो नोकरी करतो, लग्न झाले आहे, गोळ्या नियमित घेतो. त्या दोन रात्री रुग्णालयाच्या बाकावर आम्ही काय विचार केला असेल, ते आपण जाणू शकता.

हिरडा, कुडा आणि हळद

असे घडले म्हणून आम्ही झाडपाल्याचे शत्रू झालो आहोत, असे कृपया समजू नये. आपला मुलूखच औषधींचा आहे. जुन्नरच्या पश्चिमेचे डोंगर आणि भीमाशंकर, आंबेगावचा आहुपे हा भाग हिरड्याच्या झाडांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील आदिवासी बांधवांचा वर्षाचा मीठमिरचीचा खर्च बाळहिरड्यावर निघतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या झाडांचे फार नुकसान केले, तेव्हा कितीतरी घरांचे उत्पन्नच बुडाले.

आपल्या परंपरेतही ही औषधे आहेत. महावग्गातील भेसज्जक्खन्धकात भिक्खूंना कोणती औषधे चालतील याची यादी आहे. फळांत हिरडा, बेहडा, आवळा आहेत. मुळांत हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा आहेत. काढ्यांत कडुनिंब आणि कुडा आहेत. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी ही नावे आपल्याला पाठ आहेत. त्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंना विनयाच्या यादीतला हिरडा आणि कुडा याच डोंगरउतारांवर मिळत असला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

मग प्रश्न असा येतो, की आजीच्या कुड्याने गावातल्या माणसांची आव बरी झाली, तर आमच्या पुतण्याची का होऊ नये? विद्यार्थ्यांनी हे नीट समजून घ्यावे. पांढऱ्या कुड्याच्या सालीत कोनेसीन नावाचे द्रव्य असते. ते आवेच्या अमिबा या सूक्ष्म जीवावर काम करते. म्हणजे आजी चुकत नव्हती. तिच्या वेळची बहुतेक आव जंतूंची होती आणि तिचे औषध जंतूंवर होते. कोलायटिसमध्ये मारायला तसा जंतूच नसतो. आजार दिसायला सारखा, पण कारण निराळे. म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. शिवाय कुडे दोन आहेत. कडू इंद्रजवाचा पांढरा कुडा औषधी म्हणून सांगितला आहे आणि गोड इंद्रजवाचा काळा कुडा निराळा. वाळलेल्या सालीच्या पुडीत कोणता आहे, हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही.

हिरड्याचेही तसेच. त्यात टॅनिन आहे, त्यामुळेच तो कातडे कमावण्याच्या कामी येतो आणि चघळला की जीभ आवळते. पण त्यात रेचक गुणही आहे, म्हणून आपण तो पोट साफ होण्यासाठी घेतो. दिवसाला दहा वेळा रक्त पडणाऱ्या माणसाने पोट साफ होण्याची चूर्णे घेणे म्हणजे जखमेवर खरारा करण्यासारखे आहे. बाजारातील पुष्कळशा चूर्णांत सोनामुखी असते, तिलाही हाच नियम लावावा.

हळदीविषयी आज आधुनिक पद्धतीने अभ्यास झाले आहेत. जपानमध्ये ८९ कोलायटिस-रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून ज्यांना रोज २ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतील पिवळे द्रव्य, दिले गेले, त्यांच्यात सहा महिन्यांत आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते. २०१५ च्या दुसऱ्या एका चाचणीत ५० रुग्णांना मेसालामिनसोबत रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन देऊन चांगला गुण आला. उलट आपल्या देशातील एका चाचणीत, जी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, थोड्या मात्रेने काही फरक पडला नाही. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, दोन्ही यशस्वी चाचण्यांत हळदीचे द्रव्य गोळ्यांच्या सोबतीला होते, गोळ्यांच्या ऐवजी नव्हते. दुसरी, घरच्या हळदीत हे द्रव्य शेकडा तीनच्या आसपास असते. २ ग्रॅमसाठी साठ-पासष्ट ग्रॅम हळद रोज खावी लागेल. तेव्हा हळदीचे दूध प्यावे, पण त्याला चाचणीतील औषध समजू नये. कर्क्युमिनच्या जास्त शक्तीच्या कॅप्सुलांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

इसबगोलाचाही अभ्यास झाला आहे. स्पेनमधील १०५ रुग्णांवरील चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. कोलायटिस शांत असलेल्या काळात इसबगोलाच्या बियांचा उपयोग मेसालामिनच्या जवळपास दिसला. पण आजार उसळलेला असताना, किंवा क्रोन्समुळे आतडे अरुंद झाले असताना, हेच इसबगोल अडथळा करू शकते. एकच वस्तू एका वेळी पथ्य आणि दुसऱ्या वेळी कुपथ्य असते.

गुळवेलाविषयीही सावध राहावे. कोविडच्या काळात ज्यांनी गुळवेल घेतली होती अशा काही रुग्णांत यकृताचा दाह आढळल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा आहे. आपल्यापुरता मुद्दा इतकाच, की ज्या आजारात प्रतिकारशक्तीच आपल्यावर उलटली आहे, त्यात प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाने मिळणारी वस्तू डोळे झाकून घेऊ नये.

आयुर्वेदात ग्रहणी, रक्तातिसार, प्रवाहिका या नावांनी जवळपासच्या व्याधींचे वर्णन आहे. ग्रहणीत ताकाची थोरवी चरकाने सांगितली आहे. ज्यांना आयुर्वेदिक उपचार घ्यायचे आहेत त्यांनी नोंदणीकृत पदवीधर वैद्यांकडे जावे, दुर्बिणीच्या तपासणीचा कागद त्यांना दाखवावा आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे कळू द्यावीत. लेबल नसलेली पुडी मात्र घेऊ नये. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते, काहींत पारा व शिसेही सापडते. पुडीने चार दिवसांत जादूसारखा गुण आला, तर आनंद मानण्यापेक्षा संशय घ्यावा.

पाच कलमे आणि आपली राहणी

आता महावग्गातील पाच कलमांकडे वळू.

१. अपथ्य करू नये. आजार उसळलेला असताना ठेचा, तर्री, मसालेदार मासवडी, तळण, कच्ची कोशिंबीर, जाड कोंड्याची भाकरी बंद ठेवावी. मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीची गाळलेली पेज, शिजवून कुस्करलेला दुधी, बटाटा, पिकलेले केळे, सोसत असल्यास अंडे घ्यावे. दुधाने पोट बिघडत असेल तर दूध सोडून ताजे ताक थोडे थोडे घेऊन पाहावे. दारू बंद. तंबाखू, बिडी, मिश्री बंद. धूम्रपानाने क्रोन्स निश्चित बळावतो. अंग दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी आजार उसळू शकतो, म्हणून त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कांदा काढणीच्या आणि टोमॅटो तोडणीच्या दिवसांत आपल्याकडे या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात, म्हणून मुद्दाम सांगतो. पाकीटबंद कुरकुरीत पदार्थ आणि बाटलीतली गोड पेये यांविषयीही: भारतासह २१ देशांतील १ लाख १६ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, असे अतिप्रक्रिया केलेले अन्न जास्त खाणाऱ्यांत हा आजार अधिक आढळला. यात्रेला गेलेल्या मुलाच्या हातावर पैसे ठेवताना हे आठवावे.

२. पथ्यातही प्रमाण ठेवावे. पुष्कळ रुग्ण भीतीने एकेक पदार्थ सोडत जातात आणि शेवटी पेजेवर येतात. त्यांना आजारापेक्षा उपासमार मारते. आजार शांत झाला की भाकरी, डाळ, शिजवलेल्या भाज्या, फळे हळूहळू परत सुरू करावीत. रक्तक्षयासाठी लोह लागते, स्टिरॉइड घेणाऱ्यांना कॅल्शियम व ड जीवनसत्त्व लागते. आजार चालू असताना कडक उपवास करू नये. आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध, काकवी ही पाच औषधे अवेळीही घेण्याची मुभा तथागतांनी दिली होती. भिक्खूंचा नियम जर आजाऱ्यासाठी सैल झाला, तर आपल्या उपोसथाने आजाऱ्याला उपाशी ठेवू नये.

३. औषध सोडू नये. बरे वाटते ते औषधामुळे, आजार गेला म्हणून नव्हे. मेसालामिन, ॲझाथायोप्रिन यांसारखी औषधे दीर्घकाळ चालतात. त्यांसाठी ठरावीक रक्ततपासण्या कराव्या लागतात. स्टिरॉइड जास्त दिवस घेऊ नये, आणि एकदम तर कधीच थांबवू नये. डॉक्टर सांगतील तसे उतरवीत न्यावे. आजाराला आठ वर्षे झाली, की दुर्बिणीची तपासणी ठरावीक काळाने करावी, कारण पुढे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वेळेवर पाहिले तर तो आधीच सापडतो.

४. त्रास खरा सांगावा. शौचात रक्त दोन आठवड्यांहून जास्त दिसले, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागले, वजन उतरले, तर ते मूळव्याध आहे असे घरीच ठरवू नये. तरुण माणसाला वारंवार भगंदर होत असेल तर क्रोन्स आहे काय, हे विचारावे. आपल्या देशात आतड्याचा क्षय अजून आहे आणि तो क्रोन्ससारखाच दिसतो. क्षयाला चुकून स्टिरॉइड दिले तर अनर्थ होतो. म्हणून तुकडा तपासल्याशिवाय घाई नको. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्तासह शौच, सोबत ताप, जलद नाडी किंवा पोट फुगणे असे झाले, तर रात्र असली तरी थांबू नये. थेट मोठे रुग्णालय गाठावे.

५. सोसण्याचे बळ वाढवावे. मनाच्या ताणाने हा आजार निर्माण होत नाही, पण ताणाने तो जास्त जाचतो. जर्मनीत ७७ कोलायटिस-रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्यांपैकी काहींनी १२ आठवडे योगाभ्यास केला, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. योगाभ्यास करणाऱ्यांचे रोजचे जगणे अधिक सुसह्य झाल्याचे त्यात दिसले. आनापानाचा सराव, पुरेशी झोप, संध्याकाळचे चालणे यांनी तेवढाच लाभ होतो, आणि तो कमी नाही. मात्र ध्यानाने गोळी सुटेल असे कोणी सांगितले, तर आमच्या पुडीची गोष्ट आठवावी.

शुश्रूषकाचे काम

शुश्रूषकाचीही पाच लक्षणे महावग्गात आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. पथ्य काय, अपथ्य काय हे कळून अपथ्य दूर नेता आले पाहिजे. सेवा लोभाने नव्हे तर मैत्रीने केली पाहिजे. मलमूत्राची किळस वाटता कामा नये. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टींनी रुग्णाला धीर देता आला पाहिजे. आम्ही यातल्या दुसऱ्या लक्षणात नापास झालो. अपथ्य दूर नेण्याऐवजी आम्ही ते बाजारातून विकत आणले.

चौथ्या लक्षणात मात्र त्या मुलाची आजी पहिली आली. म्हातारी निरक्षर. चौदा वेळा पोर उठत होते तेव्हा कंदील घेऊन तीच त्याच्यामागे जाई, कपडे तीच धुई, आणि तोंडातून एक शब्द काढीत नसे. रुग्णालयात त्याने तिला विचारले, "आजी, तुला घाण वाटत नाही का?" ती म्हणाली, "लहानपणी धुतलंच की. तवा इचारलं होतंस का?" त्या दिवशी तो आजारात पहिल्यांदा हसला.

संस्थेने काय करावे?

शेवटी संस्थेपुढे चार सूचना ठेवतो. पहिली, विहारातील संडास पाण्यासह सदैव उघडा आणि स्वच्छ राहावा, आणि मोठ्या कार्यक्रमांत स्त्रियांसाठी वेगळी सोय असावी. लेण्यांच्या काळातील दात्यांनी पाण्याच्या पोढी दान दिल्या आणि तसे शिलालेख कोरले. आपल्या काळातील दात्याने संडासाच्या दाराला कडी आणि नळाला पाणी दिले, तर तेही दानच आहे. दुसरी, शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक बांधवांनी अशा विद्यार्थ्याला न विचारता वर्गाबाहेर जाऊ द्यावे. एवढ्या एका परवानगीवाचून पोरे शिक्षण सोडतात. तिसरी, मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर येथील सरकारी रुग्णालयांतून पुण्याला पाठविलेल्या रुग्णासोबत जाण्यासाठी संस्थेने दोन-तीन जाणते कार्यकर्ते नेमावेत. एकट्या खेडूत माणसाला ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात खिडक्या शोधण्यातच दिवस जातो. शासकीय योजनेचा लाभ मिळेल काय, हे तेथील आरोग्यमित्राला विचारणेही याच कार्यकर्त्यांनी करावे. चौथी, ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराने ते सांगावे, आणि ऐकणाऱ्याने हसू नये. या आजाराची माणसे शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात, त्यांना मुलेबाळे होतात. बाईला दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी औषधांविषयी बोलून घेतले की पुष्कळदा सारे सुरळीत पार पडते. सोयरीक जमविताना हे लपवू नये आणि त्याच एका कारणाने मोडूही नये.

त्या भिक्खूने तथागतांना सांगितले होते, की मी कोणाच्या उपयोगाचा नाही म्हणून कोणी माझ्याकडे पाहत नाही. आमच्या पुतण्याच्या मनात पहाटेच्या अंधारात शेताकडे जाताना हेच होते, असे त्याने आम्हांला नंतर सांगितले. आज या सभागृहातही एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, ज्याने महिनोन्‌महिने हे कोणाला सांगितलेले नसेल. त्याने आज घरी जाऊन आईला सांगावे. आईला सांगवत नसेल तर आमच्याकडे यावे. आमच्याकडे पुडी मिळणार नाही. आम्ही त्याच्यासोबत दवाखान्यात येऊ.



नमो बुद्धाय! जयभीम!